दहा बाय बाराच्या खोलीतला पखवाज

माझी ताई गिरगावातल्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते. दहा बाय बाराची खोली, भिंतीपलीकडे चिंचोळं स्वयंपाकघर, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. राहणारी माणसं चार: ताई, भावोजी, भावोजींचे वडील म्हणजे आमचे तात्या, आणि माझी भाची. भाची भजनी मंडळात गाते. वर्षभरापासून मंडळाचे अभंग ती घरीच ध्वनिमुद्रित करते आणि मिक्सिंगही, म्हणजे वाद्यांचा आणि गळ्याचा तोल जुळवणंही, स्वतःच करते.

एका रविवारी तिचा फोन आला. "मामा, स्पीकर घ्यायचाय. तीस हजारांपर्यंत. पोर्टेबल हवा, रात्री अंथरुणं घालायची म्हटलं की टेबल उचलावंच लागतं. आणि तात्यांनाही त्याच्यावर नाट्यसंगीत ऐकायचंय. कुठला घेऊ सांग."

ध्वनिमुद्रणाच्या कामात मला अठरा वर्षं झाली. असे फोन येतात, मी दोन-तीन नावं सांगतो आणि विषय संपतो. पण ती पुढे जे बोलली त्याने मी थांबलो. "घरी मिक्स एकदम भरलेला वाटतो रे, पण मंडळाच्या ग्रुपवर टाकला की सगळे म्हणतात, पखवाज कुठे गेला?"

ही तक्रार नवा स्पीकर आणून जात नाही. घरी जे जास्त ऐकू येतं ते माणूस मिक्समधून कापतो, आणि कापलेलं बाहेर कमी पडतं. म्हणजे तिच्या घरी पखवाजाची डावी, खर्जाची बाजू प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा मोठी ऐकू येत असणार. कशामुळे, ते कळेपर्यंत नाव सुचवण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, संध्याकाळी येतो.

जुना स्पीकर

घरात एका नावाजलेल्या कंपनीचा बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर होता. तो भिंतींच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटावर ठेवलेला. भाची पलंगावर मांडी घालून बसायची, पाठ भिंतीला टेकलेली, लॅपटॉप मांडीवर. मी म्हटलं, तुझा शेवटचा अभंग लाव, आणि नेहमी लावतेस तेवढ्याच आवाजात लाव.

पहिल्या कडव्यात सगळं गोड होतं. गजर चढला, तिने आवाज थोडा वाढवला आणि मला जे ऐकू यायला हवं होतं ते आलं. पखवाजाच्या प्रत्येक भरीव थापेसरशी टाळ क्षणभर मागे जायचा आणि थाप सरली की परत पुढे यायचा. जणू कुणी दार ढकलतंय आणि सोडतंय. मी तिला म्हटलं, "पखवाज सोड, फक्त टाळ ऐक." तिने डोळे मिटले. दोन आवर्तनं गेली आणि ती म्हणाली, "अरे, हा तर श्वास घेतोय!"

यात त्या स्पीकरचा दोष नव्हता, त्याची घडणच तशी आहे. मुठीएवढ्या पेटीतून खर्ज काढायचा तर आतली चिप हळू आवाजाला खर्ज फुगवते, आणि आवाज वाढला की पडदा फाटू नये म्हणून सगळंच दाबून धरते. म्हणजे आवाजाची खुंटी फिरवली की गाण्याचा तोलच बदलतो. ऐकणाऱ्याला हे सुखाचं आहे, कारण हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं होतं. तात्यांसाठी तो स्पीकर चांगलाच होता. मिक्स करणाऱ्याला मात्र असं माप हवं जे सकाळी आणि संध्याकाळी सारखंच भरेल.

ऐकण्याचा स्पीकर आणि तपासण्याचा स्पीकर यांच्यातला हा फरक यामाहाच्या एनएस-१० या जोडीने सगळ्यांना शिकवला. १९७८ मध्ये ती घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आली. घरात ऐकायला कोरडी, मधल्या पट्टीत टोचणारी. पण पांढऱ्या पडद्याची हीच जोडी पुढे जगभरच्या स्टुडिओंमध्ये मिक्सरच्या माथ्यावर जाऊन बसली, कारण तिच्यावर चूक लपत नसे. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मला न आवडणारा स्पीकर घ्यायचा?" तसं नाही. गोड करून न सांगणारा घ्यायचा. तात्यांना तो ऐकवेल का, हा प्रश्न तेव्हा तरी शिल्लकच होता.

ब्लूटूथचा आणखी एक अडसर होता. त्या स्पीकरपर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज लागायचा. भजनी ठेका मिनिटाला १२० मात्रांनी चालला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे ऐकत ऐकत गायचं झालं तर जवळजवळ अर्धी मात्रा मागे. ती ध्वनिमुद्रण करताना नेहमी वायरीचा साधा इयरफोन का लावते, याचं कारण तिला स्वतःलाच नीट माहीत नव्हतं. ब्लूटूथवर "लय हातातून सुटते" एवढंच ती सांगायची.

खोली काय म्हणते

स्पीकर निम्मा दोषी होता. उरलेला निम्मा दोष खोलीचा, आणि तो नवा स्पीकर आणला तरी तिथेच राहणार होता.

मुंबईच्या उकाड्यात, म्हणजे तीस अंशांच्या आसपास, ध्वनी सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या सुराची अर्धी लहर चपखल बसते, तो सूर त्या खोलीत घुमतो. बारा फुटांना तो येतो ४८ हर्ट्झच्या आसपास, दहा फुटांना ५७. जुन्या चाळींची छतं उंच असतात. ताईकडे जमिनीपासून छत अकरा फूट, तिथे ५२. तिन्ही मापं एकमेकांजवळची, म्हणून तिन्ही घुमारे एकाच घोळक्यात. त्यांच्या दुपटी ९५, १०४ आणि ११४. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्यावर जो भरीव, खोल नाद निघतो, त्याचा मुक्काम नेमका या सगळ्या परिसरात.

हे कागदावर मांडून तिला पटलं नसतं. म्हणून लॅपटॉपवरून १०० हर्ट्झचा एकच सलग सूर लावला आणि तिला म्हटलं, आता खोलीत फीर. पलंगावर भिंतीशी कान नेला तर अंगावर येईल असा आवाज. तिथून तीन पावलं पुढे आली तर सूर जवळजवळ विझला. आणखी पुढे गेली तर पुन्हा फुगला. ताई मोरीच्या दारात भांडी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "अगं बाई, इथे तर पातेलं वाजतंय!" खरंच तिच्या हातातलं पातेलं झणझणत होतं. मी फोनवरच्या आवाज मोजणाऱ्या ॲपने दोन्ही जागा मोजल्या. फोनचा माइक खर्जात खरा आकडा देत नाही, पण एकाच फोनने दोन जागांची तुलना करायला तो पुरतो. पलंगावरची जागा आणि तीन पावलांवरची जागा यांत ११ डेसिबलचा फरक निघाला, तोच स्पीकर, तोच सूर आणि आवाजाची खुंटीही जिथल्या तिथे असताना.

भिंतीला टेकून बसलेल्या माणसाच्या कानाशी हे सगळे घुमारे सर्वांत जोरात असतात. स्पीकर कोपऱ्यात असला की तिथूनही खर्जाला फुगवटा मिळतो. भाची वर्षभर अशा जागी बसून पखवाज कापत होती जिथे तो सर्वांत जाड होता. तिचा कान चुकत नव्हता, तिची बैठक चुकत होती. तिला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. वर्षभर ती स्वतःच्या कानालाच बोल लावत होती.

काय घ्यायचं

आता कुठे खरेदीचा विषय निघाला. पाच इंची स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे तपासण्याच्या स्पीकरची, जोडी हा सगळ्यांचा नेहमीचा सल्ला. यामाहाचा एचएस-५ मी स्वतः वापरला आहे, चांगला आहे. पण एकेकाचं वजन ५.३ किलो, आवाजाचं भोक मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीपासून थोडा पुढे हवा. रोज रात्री ही दोन पेट्या, त्यांच्या वायरी, टेबल हे सगळं उचलून पोटमाळ्यावर कोण चढवणार? पंधरा दिवस उत्साहात होतं, मग ते सामान कपाटावर बसतं आणि मिक्सिंग परत पलंगावर येतं. मी हे तीन-चार घरांत होताना पाहिलं आहे. शिवाय अशा खोलीत जास्त खोल खर्ज म्हणजे घुमाऱ्याला जास्त खाद्य. मोठा स्पीकर या खोलीत जास्त खोटं बोलला असता.

नुसत्या हेडफोनवर काम करावं का? खोलीचा प्रश्नच मिटतो, शेजारीही सुखी. पण हेडफोनमध्ये डावा कान फक्त डावं ऐकतो, गाणं समोर न दिसता डोक्यात बसतं. गायिकेचा आवाज किती पुढे आहे, घुमारा किती घातलाय, याचा अंदाज तिथे हमखास चुकतो. पण सोबतीला हेडफोन हवाच, हे मी पहिल्या दिवसापासून धरून होतो.

तात्यांची इच्छा वेगळी होती. त्यांना सज्जात खुर्ची टाकून ऐकायचं होतं, म्हणजे बॅटरीवाला हवा. इथे मी ताईला आणि तात्यांना बसवून नीट बोललो. पोर्टेबल या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात: विजेशिवाय चालणं आणि एका हाताने उचलता येणं. पहिली आपल्याला खरंच किती लागते? तात्या म्हणाले, "सज्जात बसायचं तर जुना आहेच की. संध्याकाळी खोलीत ऐकतो तेव्हा नीट हवं." त्यांच्या त्या वाक्याने निम्मी निवड झाली. जुना स्पीकर सज्जात, नवी जोडी खोलीत.

मग तीन इंची पडद्याच्या छोट्या मॉनिटरकडे वळलो. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात एका शनिवारी गेलो आणि तिथे शिकण्यासारखं एवढंच मिळालं की दुकानात निवड करू नये. बाहेर बसचे हॉर्न, आत तीन काउंटरवर तीन गाणी, आणि विक्रेता प्रत्येक नवी जोडी लावताना आवाज थोडा वाढवतो. मुद्दाम करतो असं नाही, पण कानाला एखाद-दोन डेसिबलची वाढसुद्धा "जास्त स्वच्छ" वाटते. मी पिंक नॉइज, म्हणजे सगळ्या पट्ट्यांतला सलग खरखराट, लावून, फोनवर पाहून, तिन्ही जोड्या एका पातळीवर आणल्या. त्याबरोबर भाचीची पहिली पसंती तिसऱ्या क्रमांकावर गेली.

शेवटी एका मित्राकडून आयलाउड मायक्रो मॉनिटरची जोडी तीन रात्रींसाठी उसनी आणली. तीन इंची पडदा, पाऊण इंची ट्वीटर (टिपेच्या सुरांचा छोटा पडदा), दोन्ही मिळून वजन पावणेदोन किलोच्या आसपास. खर्ज ५५ हर्ट्झपर्यंत भरवशाचा, आवाजाचं भोक पुढच्या बाजूला, म्हणून भिंतीशी वाद कमी. मागे एक खटका आहे, टेबलावर ठेवल्यावर टेबलाच्या पृष्ठभागामुळे जो फुगवटा येतो तो कमी करणारा. आणि ब्लूटूथही आहे: तात्यांना फोनवरून, भाचीला वायरीतून. दोघांची गरज एका वस्तूत बसण्याची हीच जागा होती.

पहिल्या रात्री तिने तोच अभंग लावला आणि हिरमुसली. "पखवाज गेलाच की रे." गेला नव्हता, तिने कापलेला होता तो आता दिसत होता. ग्रुपवरची माणसं वर्षभर जे सांगत होती ते तिला पहिल्यांदा स्वतःच्या कानाने ऐकू आलं. मला त्या क्षणी खात्री झाली की जोडी हीच.

किंमत ठरवल्यापेक्षा थोडी वर गेली, ती भावोजींनी भरली. हेडफोन सोनीचा एमडीआर-७५०६ घेतला. १९९१ पासून हे मॉडेल बाजारात आहे, बंद कपांचं आहे, आणि टाळातला करकरीतपणा त्यात इतका उघडा पडतो की सुरुवातीला त्रास होतो. भाचीला तोच हवा होता.

मांडणी

बैठक बदलणं जास्त कठीण होतं. पलंग हलणार नव्हता. मग घडीचं टेबल समोरच्या, दहा फुटी भिंतीशी आणलं, अशा बेताने की बसल्यावर तिचे कान त्या भिंतीपासून साडेचार फुटांवर येतील. बारा फुटांचा हा अडतीस टक्के. लांबीतले पहिले दोन घुमारे तिथे अगदी चढत नाहीत आणि अगदी मरतही नाहीत. रुंदीत मात्र मधोमध बसावंच लागतं, नाहीतर डावं-उजवं बिघडतं, आणि मधोमध ५७ हर्ट्झचा सूर दबतो. याला त्या खोलीत उपाय नाही. तेवढा भाग हेडफोनवर तपासायचा, असं ठरवलं.

दोन्ही स्पीकर एकमेकांपासून तीन फुटांवर, कानापासूनही तीन फुटांवर. खाली रबरी चपलांचे जुने तळ कापून ठेवले, कारण चाळीची तक्तपोशी लाकडी आहे आणि टेबलाचा हादरा खालच्या काकूंच्या छतात उतरतो. तिच्या पाठीमागे, पलंगावर, दिवसा अंथरुणाच्या वळकट्या रचलेल्या असतातच. त्या फक्त मधोमध सरकवल्या. कापसाच्या जाड गादीसारखा मधल्या पट्टीतला आवाज शोषणारा दुसरा स्वस्त पदार्थ मला माहीत नाही. ५० हर्ट्झला ती काही करत नाही, पण मागच्या भिंतीवरून गायिकेचा आवाज परत येऊन जो धूसरपणा येत होता तो टाळी वाजवून पाहिल्यावर स्पष्ट कमी झालेला कळला.

आवाजाची पातळी ठरवायला एक संध्याकाळ गेली. तीन फुटांवर ७२ डेसिबल ही पातळी तिला सोसवली, शेजाऱ्यांनाही. ती सापडल्यावर ताईने डबीतून एक टिकली काढून स्पीकरच्या आवाजाच्या खुंटीवर लावली. मिक्स करताना खुंटी टिकलीवरच असते. तात्या हवी तशी फिरवतात, भाची बसली की परत टिकलीवर. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तो नियम घराबाहेरच्या हवेसाठी आहे, पण चाळीत बाहेर म्हणजे दारापासून दोन हात. म्हणून सात ते साडेनऊ स्पीकर, पुढे हेडफोन. कापाकापी, श्वास काढणं, सूर जुळवणं असलं काम रात्री. तोल ठरवण्याचं काम संध्याकाळीच.

आठवड्याभरात एक नवी कटकट उभी राहिली. लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून बारीक गुरगुर. तिला वाटलं जोडी बिघडली. मी म्हटलं, चार्जर काढ. गुरगुर गेली. तिसऱ्या पिनेचं भोक होतं, आत अर्थिंगच नव्हतं. चार्जरमधून झिरपणाऱ्या विजेला जमिनीकडे वाट मिळाली नाही की ती ऑडिओच्या वायरीतून वाट काढते. ही जोडी लॅपटॉपला साध्या, अनबॅलन्स्ड (बाहेरची खरखर न अडवणाऱ्या) वायरीने जोडतात, त्यामुळे ते ऐकूही येतं. हा प्रश्न गुरगुरीपुरता नाही, घरात मिक्सर आहे, गीझर आहे; म्हणून मी भावोजींच्या मागे लागून वायरमनला बोलावलं.

पखवाज परत आणणं

मग तिने तोच अभंग पहिल्यापासून मिक्स केला. पहिल्या प्रयत्नात खर्ज नुसता वाढवला. घरी छान, फोनवर तसाच गायब. फोनच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं फारसं काढताच येत नाही. तिथे कितीही वाढवा, दारच बंद आहे. पण कानाची एक करामत आहे. मूळ सूर नसला तरी त्याच्या दुपटी, तिपटी, चौपटी ऐकू आल्या तर मेंदू मूळ सूर स्वतः भरून घेतो. आपल्या चर्मवाद्यांत हे जास्त सोपं आहे. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये दाखवून दिलं होतं की पुडीवरच्या शाईच्या वजनामुळे या वाद्यांचे वरचे नाद एकमेकांशी सुरात येतात. साध्या ढोलात तसं होत नाही.

म्हणून तिला सांगितलं, तळ उचलू नकोस, तळाची सावली उचल. डाव्या पुडीच्या ट्रॅकवर हलकं सॅच्युरेशन, म्हणजे दुपटी-तिपटी वाढवणारी किंचित विकृती, दिलं, २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्टीत थोडा उठाव दिला, आणि तिथेच हार्मोनियमची पेटी दोन डेसिबलने खाली घेतली. पेटी त्या जागेवर पाय पसरून बसली होती. सगळं एका चॅनेलवर, मोनोत ऐकून पाहिलं, कारण फोन हातात धरून ऐकणाऱ्याला डावं-उजवं नसतंच. शेवटची पातळी उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी जोराचं माप) आसपास ठेवली. त्यापेक्षा जोरात दिलं तर यूट्यूब आपणहून खाली ओढतं.

मग फोनवर, ताईच्या मैत्रिणीच्या गाडीत, आणि मंडळाच्या कॉलम स्पीकरवर देवळात ऐकलं. फोनवर पखवाज होता. गाडीत किंचित जास्त होता, दीड डेसिबल उतरवला. देवळात टाळ फार टोचला. तो स्पीकरचा दोष की देवळातल्या फरशीचा, यावर आमचं एकमत झालं नाही, पण पुढच्या अभंगात तिने टाळासमोरचा माइक हातभर लांब नेला. पखवाज वाजवणाऱ्या काकांनी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं: "आज माझा डावा हात ऐकू आला."

तात्यांचं काय, हे राहिलं. पहिले दोन दिवस त्यांना नवी जोडी "बारीक" वाटली. भाचीने त्यांना तिच्या खुर्चीत, साडेचार फुटांवर बसवलं, आणि त्यांच्या आवडीचं जुनं पद लावलं. ऑर्गनच्या भात्याचा श्वास आणि गायकाने जागा घेण्याआधी टाकलेली फिरत त्यांना वेगवेगळी ऐकू आली. आता ते संध्याकाळी सहा ते सात त्या खुर्चीत बसतात, त्यामुळे टेबल एक तास आधी मांडलं जातं, आणि मांडण्याचा कंटाळा भाचीला उरलेला नाही.

पावसाळ्याची तयारी तेवढी चालू आहे. पडद्याची कड फोमची असती तर मुंबईच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा झाला असता. या जोडीची कड रबरी आहे, पण ट्वीटर आणि खटके दमटपणाला भितात. ताईने पत्र्याचा मोठा डबा रिकामा करून दिलाय, आत सिलिका जेलच्या पुड्या. वायरमन येऊन पाहून गेला. अर्थिंगची तार चौकात आणायची तर चाळमालकाची परवानगी लागते, अर्ज दिलाय. तोवर मिक्सिंगला बसताना चार्जर काढून ठेवायचा.